अनोळखी गाडीचा शब्द



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांना या गावात कुणी आडनावाने ओळखत नाही. ते नुसते ‘सर’. मीही तसंच म्हणतो. सरांनी हयातभर पदार्थविज्ञान शिकवलं, आणि पुस्तकात छापलंय म्हणून मानायचं नाही, मोजून बघायचं, ही खोड मुलांना लावली, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. त्यातले दोघं-तिघं पुढच्या रांगेत बसलेले दिसताहेत, तेव्हा आकडे जपून सांगायला हवेत.

संयोजकांनी विषय दिला होता ‘वाहनांची सायबर सुरक्षा’. माझी नोकरी पुण्यात वाहनांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्येच झाली, त्यामुळे कुलूप, किल्ली, पासवर्ड यांवर तासभर बोलता आलं असतं. पण मला जो प्रश्न छळतो तो जरा पलीकडचा आहे. रस्त्यात भेटलेली, पुन्हा आयुष्यात न भेटणारी एखादी गाडी तुमच्या गाडीला काहीतरी सांगते. ते खरं मानायचं का? कुणाच्या भरवशावर? आणि खोटं निघालं तर धरायचं कुणाला?

हा प्रश्न संगणकाने आणलेला नाही. चिपळूणहून कराडकडे येताना कुंभार्ली घाटात मालाने भरलेल्या दहाचाकीच्या मागे अडकलात की काय होतं, ते तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. पुढचं वळण तुम्हाला दिसत नाही, ट्रकवाल्याला दिसतं. तो उजवा इंडिकेटर लुकलुकवतो, किंवा क्लीनर खिडकीतून हात काढून ‘जा, जा’ म्हणतो, आणि आपण गाडी बाहेर काढतो. तो ड्रायव्हर आपल्या ओळखीचा नसतो. त्याचा अंदाज चुकला तर मरणार आपण, तो नाही. शिवाय नियमाच्या पुस्तकात उजव्या इंडिकेटरचा अर्थ ‘मी उजवीकडे येतोय’ असा आहे, म्हणजे आपल्या समजुतीच्या थेट उलट. तरीही वर्षानुवर्षं गाड्या अशाच पुढे जात आल्या, कारण शहाणा ड्रायव्हर नुसत्या इंडिकेटरवर जात नाही. ट्रकने वेग खरंच कमी केला का, तो डावीकडे सरकला का, वळणापलीकडून हॉर्न येतोय का, रात्र असेल तर समोरच्या दिव्यांचा उजेड कड्यावर पडलाय का, हे सगळं तो क्षणात ताडून बघतो. सांगणारा कोण याची त्याला फिकीर नसते. सांगितलेल्या गोष्टीला दुसरीकडून दुजोरा मिळतो का, एवढंच तो पाहतो.

हे काम यंत्राकडे सोपवायचं ठरलं, त्याची सुरुवात अमेरिकेत झाली. १९९९ साली तिथल्या दूरसंचार आयोगाने ५.९ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातली ७५ मेगाहर्ट्झ जागा वाहतुकीसाठी राखून ठेवली. कल्पना सोपी होती. प्रत्येक गाडीने सेकंदाला दहा वेळा एक छोटा संदेश हवेत सोडायचा: मी इथे आहे, इतक्या वेगाने या दिशेला चालले आहे, ब्रेक दाबलाय किंवा नाही, माझी लांबी-रुंदी इतकी. नाव नाही, नंबर नाही. साधारण तीनशे मीटरच्या टापूतल्या बाकीच्या गाड्यांनी तो ऐकायचा आणि टक्कर होईलसं दिसलं तर आपापल्या चालकाला सावध करायचं. पुढच्या ट्रकाआडून कुणी करकचून ब्रेक दाबला, तर ते कॅमेऱ्याला दिसत नाही, रेडिओला कळतं. मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बर शहरात २०१२ पासून जवळपास तीन हजार गाड्यांवर याची मोठी चाचणीही झाली.

संदेश गुप्त नसतो, हे इथेच सांगून ठेवतो. सुरक्षा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे सांकेतिक लिपी येते. इथे लपवायचं काहीच नाही; सगळ्यांनी वाचावा म्हणूनच तो संदेश आहे. अडचण वेगळीच आहे. रस्त्याकडेला लॅपटॉप आणि रेडिओ घेऊन बसलेल्या एखाद्या पोराने ‘मी ट्रक आहे, तुमच्यापुढे चाळीस मीटरवर आहे आणि आत्ताच ब्रेक दाबलाय’ असा संदेश सोडून दिला तर? चौकशी करायला वेळ नसतो. समोरासमोर, दोन्हीही ताशी ८० च्या वेगाने येणाऱ्या गाड्यांमधलं तीनशे मीटर अंतर पावणेसात सेकंदांत संपतं. तेवढ्यात कुठल्या कार्यालयाला फोन लावून ‘हा ट्रक तुमच्याकडचाच का हो’ असं विचारता येत नाही.

म्हणून डिजिटल सही आली. प्रत्येक संदेशावर गाडी सही करते आणि ती सही खरी असल्याचं मान्यताप्राप्त संस्थेचं प्रमाणपत्र सोबत जोडते. ऐकणारी गाडी जागच्या जागी, कुणालाही न विचारता, गणित मांडून सही तपासते. आजूबाजूला शंभर गाड्या असतील तर सेकंदाला हजार सह्या तपासाव्या लागतात. ज्या गुप्त किल्लीने सही करायची ती गाडीतल्या एका बंदिस्त चिपमध्ये असते, उघडू गेलं तर हाती काही लागू नये अशा बेताने बसवलेली. रस्त्याकडेच्या त्या पोराकडे किल्ली नाही, प्रमाणपत्र नाही, त्याचा संदेश केराच्या टोपलीत. इथवर सगळं छान आहे.

पण प्रत्येक गाडीला एकच प्रमाणपत्र दिलं तर एक वेगळंच संकट उभं राहतं. चौकाचौकात एकेक स्वस्त रेडिओ बसवला की कुठलं प्रमाणपत्र किती वाजता कुठून गेलं, याची वही आपोआप तयार होते. नाव लिहिलेलं नसलं तरी रोज रात्री ते कुठल्या घरापाशी थांबतं यावरून नाव काढायला कितीसा वेळ लागतो? तुम्ही कुठल्या डॉक्टरकडे जाता, कुठल्या पक्षाच्या कार्यालयात जाता, कुणाच्या दारात गाडी लावता, सगळं त्या वहीत. जीव वाचवण्यासाठी बसवलेलं यंत्र चोवीस तास पाळत ठेवू लागेल. हे ओळखून अमेरिकेतल्या अभियंत्यांनी जो आराखडा केला तो मला मनापासून आवडतो. त्यांनी प्रत्येक गाडीला आठवड्याला एक नव्हे, वीस प्रमाणपत्रं द्यायचं ठरवलं. वर्षाला हजारावर. गाडीने ती आलटून पालटून वापरायची, म्हणजे सकाळी चौकातून गेलेली आणि दुपारी बाजारात आलेली गाडी एकच, हे ऐकणाऱ्याला कळू नये.

त्याहून सुंदर भाग पुढे आहे. ही प्रमाणपत्रं वाटणारी यंत्रणा मुद्दाम तोडून वेगवेगळ्या हातांत दिलेली आहे. अर्ज कुठल्या गाडीचा आहे हे ज्या कचेरीला माहीत, तिला प्रमाणपत्रात काय आहे ते दिसत नाही. जी कचेरी प्रमाणपत्र छापते, तिला ते कुणासाठी हे ठाऊक नसतं. एका कचेरीतल्या माणसाला फितवून काही हाती लागत नाही. आणि एखादी गाडी सातत्याने खोटं बोलतेय असं सिद्ध झालं, तर या कचेऱ्यांनी एकत्र येऊन एकच बीज जाहीर करायचं, ज्यावरून त्या गाडीची यापुढची सगळी प्रमाणपत्रं प्रत्येकाला ओळखता येतील आणि नाकारता येतील. सज्जनाला बुरखा, आणि लबाडी सिद्ध झाल्यावर बुरखा काढायची सोय. सत्तेच्या वाटणीबद्दल अभियंते इतका बारीक विचार करतात हे पाहून मला तरी बरं वाटलं.

तरी भोक राहिलंच. २००२ साली जॉन डूसर या संशोधकाने दाखवून दिलं होतं की ओळख देणारी मध्यवर्ती संस्था नसेल, तर एकच जण कितीही जण असल्याचं सोंग आणू शकतो. इथे मध्यवर्ती संस्था आहे, पण तिने स्वतःच्याच हाताने प्रत्येकाला एका वेळी चालणारे वीस चेहरे दिले आहेत. कुणी आपल्या गाडीतली यंत्रणा फोडली, तर मोकळ्या रस्त्यावर एकटा माणूस वीस गाड्यांची कोंडी उभी करू शकतो, आणि विसांच्या विसांवर सह्या अस्सल. खासगीपणासाठी दिलेली वस्तूच फसवणुकीचं हत्यार होते. वीसऐवजी दोन द्यावीत तर पाळत ठेवणं सोपं. यात मधला आकडा ठरवावा लागतो. तो गणिताने ठरत नाही, लोकांना कशाची भीती जास्त वाटते त्यावर ठरतो.

आता मी माझ्या मुद्द्याकडे येतो. सही अस्सल आहे म्हणून संदेश खरा ठरत नाही.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण संशोधकाने नाही, एका कलाकाराने दाखवलं. बर्लिनच्या सायमन वेकर्टने नव्याण्णव जुने स्मार्टफोन एका छोट्या हातगाडीत भरले, सगळ्यांवर गूगल मॅप्स चालू केलं आणि ती हातगाडी ओढत तो शहराच्या रस्त्यांवरून सावकाश चालत निघाला. २०२० च्या फेब्रुवारीत त्याने ते चित्रण जाहीर केलं. रस्ता रिकामा, मॅपवर मात्र लालभडक कोंडी. गूगलच्या बर्लिनमधल्या कार्यालयासमोरूनही तो असाच गेला. त्याने काय तोडलं? काहीही नाही. एकही पासवर्ड चोरला नाही, एकही सही बनावट केली नाही. प्रत्येक फोन खरा होता, प्रत्येकाने आपली खरी जागा आणि खरा वेग कळवला होता. नव्याण्णव सत्यविधानं जोडून एक धडधडीत खोटं तयार झालं. कारण ऐकणाऱ्याने मनाशी धरलं होतं की एक फोन म्हणजे साधारण एक वाहन. ही समजूत कुठल्याही कुलपात ठेवता येत नाही.

लबाडी सोडून द्या, प्रामाणिक गाडीही चुकते. जीपीएसमध्ये चार-पाच मीटरची चूक काही मोठी नाही; उंच इमारतींमध्ये किंवा घाटाच्या कड्याखाली ती सहज होते. पण चार मीटर म्हणजे एक अख्खी लेन. स्वतःच्या लेनमधून निमूट जाणारी गाडी ‘मी तुमच्या लेनमध्ये समोरून येतेय’ असं सांगते, मनापासून सांगते, सही करून सांगते.

स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या तंत्रविद्यापीठातले मॅक्सिम राया, जाँ-पिएर ह्युबो आणि त्यांचे सहकारी यांनी २००८ च्या सुमाराला याला वेगळ्या बाजूने हात घातला. गाड्यांची भेट काही सेकंदांची. पत वाढायला, अनुभव जमा व्हायला तिथे वेळच नाही. मग गाडीवर विश्वास ठेवावा का, हा प्रश्न सोडा आणि या एका विधानावर ठेवावा का, तेवढंच विचारा, असं त्यांचं म्हणणं. पुढे बर्फ साचलाय असं एकाने सांगितलं. त्याच जागी आणखी कोण काय सांगतंय, सांगणारा किती जवळ होता, बातमी किती जुनी आहे, हे पुरावे म्हणून तोलायचे. आणखी साध्या चाचण्याही असतात. सेकंदाच्या दहाव्या भागापूर्वी इथे असलेली गाडी आता शंभर मीटर पुढे कशी गेली? दोन गाड्या एकाच जागेवर कशा? संदेश म्हणतो चाळीस मीटरवर ट्रक आहे, मग माझ्या रडारला तिथे मोकळी हवा का दिसते? घाटातला शहाणा ड्रायव्हर हेच करतो.

माझं स्वतःचं मत यात ठाम आहे. परक्या गाडीच्या सांगण्यावरून माझ्या गाडीने घंटा वाजवावी, पाय ॲक्सिलरेटरवरून काढायला सांगावं. पण पूर्ण ब्रेक दाबायचा तो स्वतःच्या कॅमेऱ्याने, रडारने पाहून. खोट्या घंटेने फार तर चालक वैतागतो. खोट्या ब्रेकने मागचा येऊन धडकतो. किती विश्वास ठेवायचा हे सांगणाऱ्याची पत किती यावर अवलंबून नसावं, चूक झाली तर किती महागात पडेल यावर असावं. पुष्कळ अभियंत्यांना हे पटत नाही, कारण मग वळणाआडच्या धोक्यासाठी गाडी आपणहून थांबणार नाही. मान्य. ते नुकसान मी सोसायला तयार आहे.

आता गाडीच्या आत डोकावू, कारण बाहेरच्याशी बोलणारी गाडी आतल्या आत कशी बोलते ते पाहिलं की अंगावर काटा येतो. इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग, दरवाजे, एअरबॅग, प्रत्येकाचा छोटा संगणक असतो. ते एकमेकांशी ज्या तारांवर बोलतात ती पद्धत, कॅन तिचं नाव, बॉश कंपनीने १९८६ साली डेट्रॉइटमध्ये सादर केली. चाळीच्या गॅलरीत उभं राहून हाक मारावी तसं ते बोलणं आहे: सगळ्यांना ऐकू जातं, आणि हाक कुणी मारली हे हाकेत सांगितलेलं नसतं. संदेश कशाबद्दल आहे तेवढा क्रमांक आणि जास्तीत जास्त आठ बाइट मजकूर. पाठवणाऱ्याची सही नाही, काही नाही. ज्यांनी हे बनवलं ते खुळे नव्हते. तारा बोनेटच्या आत होत्या. तिथे परका येणार कुठून? मी स्वतः या तारांवर काम केलंय आणि इतकी चिवट, स्वस्त, न कुरकुरणारी पद्धत दुसरी पाहिलेली नाही.

परका आला तो रेडिओच्या डब्यातून. २०१० आणि २०११ साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या आणि सॅन डिएगोच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी दोन निबंध लिहिले. पहिल्यात त्यांनी तार जोडून ब्रेक निकामी करून दाखवले. त्यावर टीका झाली की तार जोडायची तर ब्रेकची नळीच कापा ना. दुसऱ्या निबंधात त्यांनी तार न जोडता तेच केलं: ब्लूटूथमधून, गाडीतल्या मोबाइल जोडणीतून, एवढंच काय, सीडीवरच्या मुद्दाम बिघडवलेल्या गाण्याच्या फाइलमधून. गाणं वाजतं आणि गाडी दुसऱ्याची होते. तरीही उद्योगाने फारसं मनावर घेतलं नाही.

मग २०१५ च्या जुलैत चार्ली मिलर आणि ख्रिस वॅलासेक या दोघांनी सेंट लुइसमध्ये घरी बसून, कित्येक मैलांवरच्या हायवेवर चाललेली जीप चेरोकी ताब्यात घेतली. गाडीत एक पत्रकार होता. त्याला प्रयोग चाललाय हे माहीत होतं, काय होणार हे नव्हतं. आधी थंड हवेचा झोत, मग रेडिओ कर्कश, मग वायपर आणि काचेवर पाण्याचा फवारा. शेवटी ॲक्सिलरेटर दाबला तरी गाडी ओढेना, आणि मागून ट्रक येतोय. जीपच्या करमणुकीच्या डब्यात एक दार मोबाइलच्या जाळ्यावर उघडं राहिलं होतं, आणि त्या डब्यातल्या, कॅनशी जोडलेल्या चिपने नवं सॉफ्टवेअर सही न तपासता पोटात घेतलं. कंपनीने १४ लाख गाड्या परत बोलावल्या. परत बोलावल्या म्हणजे काय, पुष्कळ मालकांना पोस्टाने एक पेनड्राइव्ह पाठवला: गाडीत घाला, दुरुस्ती होईल. पोस्टाने आलेला अनोळखी पेनड्राइव्ह कशालाही जोडू नये हे ज्यांनी लोकांना वर्षानुवर्षं सांगितलं, त्यांनी कपाळाला हात लावला.

यानंतर नियम झाले. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाने २०२० साली आर-१५५ हा नियम मंजूर केला. त्यात गाडी विकून हात झटकता येत नाहीत. तिच्या आयुष्यभर नव्या धोक्यांवर लक्ष ठेवण्याची व्यवस्था कंपनीला दाखवावी लागते. जुलै २०२४ पासून युरोपीय संघात प्रत्येक नव्या गाडीला तो लागू झाला, आणि पोर्शने पेट्रोलची मकान तिथल्या बाजारातून काढून घेतली, कारण त्या जुन्या घडणीच्या गाडीचं आतलं वायरिंग नियमात बसवण्याचा खर्च परवडणारा नव्हता. सुरक्षेच्या नियमाने चांगली खपणारी गाडी बंद झाली! चाकणच्या, पिंपरीच्या ज्या कारखान्यांतून सुटे भाग युरोपला जातात तिथल्या पोरांना हा नियम पाठ आहे. गिऱ्हाईक आधी त्याचेच कागद मागतं. आपल्याकडेही एआयएस-१८९ या क्रमांकाने त्याच धर्तीचं मानक आखलं गेलं.

अमेरिकेतल्या त्या गाडी-ते-गाडी संदेशांचं पुढे काय झालं? सक्ती करण्याचा प्रस्ताव २०१६ च्या डिसेंबरात आला आणि बारगळला. २०२० साली तिथल्या दूरसंचार आयोगाने राखीव पट्ट्यातली ७५ पैकी ४५ मेगाहर्ट्झ जागा वाय-फायला देऊन टाकली. जपानमध्ये टोयोटाने २०१५ पासून, युरोपात फोक्सवॅगनने २०१९ च्या गोल्फपासून थोड्याफार गाड्या बोलत्या केल्या. वीस वर्षांच्या मेहनतीला हे फळ फारच तुटपुंजं.

आपल्याकडे तर गाड्या आपसात बोलतील ही आशा मी लवकर धरत नाही. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यांत जवळपास ४४ टक्के दुचाकीवरची. त्यांच्या गाडीत रेडिओ कोण बसवणार? आणि ऊसतोडीच्या हंगामात रात्री हमरस्त्याला ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलाखाली. त्या काहीच बोलत नाहीत. बोलणाऱ्या गाड्यांच्या जाळ्यात सगळ्यात घातक तीच, जी गप्प आहे. संदेश आला नाही म्हणून रस्ता मोकळा, असं ज्या यंत्राने मानलं त्याने घात केला.

आपल्या गाड्या बोलायला लागल्यात त्या एकमेकींशी नाही, कंपनीच्या सर्व्हरशी. गाडीत सिम आहे, मोबाइलवर ॲप आहे. २०१९ पासून नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना एआयएस-१४० या मानकाप्रमाणे ठिकाण कळवणारं यंत्र आणि पॅनिक बटण सक्तीचं आहे. (मध्यंतरी एका खासगी बसमध्ये मी ते लाल बटण शोधत होतो. सापडलं. नव्या सीट कव्हरच्या आत शिवलं गेलं होतं.) टोलसाठीचा फास्टॅग २०२१ च्या फेब्रुवारीपासून चारचाकी आणि त्याहून मोठ्या वाहनांना सक्तीचा झाला आणि नाका ओलांडला की कुठे, किती वाजता याचा मेसेज फोनवर येतो. तिकडे अमेरिकेत गाडीचा माग लागू नये म्हणून आठवड्याला वीस चेहऱ्यांची योजना करत बसले. इकडे आपण तो माग आनंदाने दिला आणि रांग कमी झाली म्हणून खूशही झालो. मीही झालो.

म्हणून आपल्यासाठी अनोळखी गाडीपेक्षा ओळखीचा सर्व्हर हा मोठा प्रश्न आहे. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात २०१० साली काय झालं पाहा. हप्त्यावर गाड्या विकणाऱ्या एका विक्रेत्याने प्रत्येक गाडीत एक डबा बसवला होता. हप्ता थकला की दुरून गाडी बंद करायची किंवा हॉर्न वाजवत ठेवायचा. नोकरीवरून काढलेल्या एका तरुणाने दुसऱ्या कर्मचाऱ्याचा पासवर्ड वापरून शंभरावर गिऱ्हाइकांवर तोच प्रयोग केला. हप्ते वेळेवर भरणाऱ्यांच्या गाड्या सकाळी सुरू होईनात, कुणाचे हॉर्न मध्यरात्री बोंबलत राहिले. यात कौशल्य शून्य. जिथून सगळ्या गाड्या बंद करता येतात अशी एक खोली बांधली, आणि त्या खोलीची किल्ली कुणाकुणाकडे आहे हे कुणी मोजलं नाही, एवढंच.

किंवा २०२४ च्या डिसेंबरात जर्मनीत उघड झालेलं घ्या. फोक्सवॅगन समूहाच्या सॉफ्टवेअर कंपनीकडे जमा झालेली सुमारे आठ लाख इलेक्ट्रिक गाड्यांची माहिती नीट कुलूप न लावता इंटरनेटवर पडून होती, आणि त्यातल्या चार लाख साठ हजारांची ठिकाणं तर फारच अचूक. तिथल्या केऑस कॉम्प्युटर क्लब या हॅकरमंडळींनी कंपनीला आधी कळवलं, म्हणून निभावलं. गाडीवर हल्ला झालाच नव्हता. गाडीने आपल्या धन्याला इमानाने सगळं सांगितलं, धन्याने ते ओट्यावर ठेवलं.

आपल्या बाजाराला सगळ्यात जवळचं उदाहरण मात्र साधं आहे. आयबीएममधल्या एका सुरक्षा संशोधकाने २०१७ साली जाहीरपणे सांगितलं की त्याने आपली गाडी विकून काही वर्षं उलटली, तरी जुन्या ॲपवर ती अजून दिसते. ती कुठे आहे ते कळतं, दार उघडता येतं, हॉर्न वाजवता येतो. विकताना त्याने आपल्या परीने सगळं पुसलं होतं. नवा मालक कोण हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि नव्या मालकाला हा कुणी आहे याचा पत्ताच नव्हता. आपल्याकडे एक गाडी तीन-तीन हातांतून फिरते. पंधरा वर्षांची नोंदणी संपेपर्यंत पहिल्या मालकाचा फोन, मधल्या दलालाचा फोन, बदलत्या शोरूमचे लॉगिन, यांतलं काय काय त्या गाडीला चिकटून असेल? सिमचं जाळंही तोवर बदलतं. अमेरिकेत २०२२ साली थ्रीजी बंद झालं तेव्हा धडधाकट गाड्यांची संकटकाळी मदत मागायची सोय मुकी झाली.

इथे करता येण्याजोगं काम फार अवघड नाही, म्हणून तेवढं सांगून थांबतो. गाडी विकताना आपण आरटीओत २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरतो. आरसी नावावर होते, विमा नावावर होतो, फास्टॅग बदलतो. त्याच कागदांत एक रकाना घालावा: या गाडीशी जोडलेली आधीच्या मालकाची सगळी खाती बंद केली, असा उत्पादक कंपनीचा तारखेसह दाखला. तो मिळाल्याशिवाय नाव चढवू नये. दाखला देण्यासाठी कंपनीला आधी स्वतःच्या सर्व्हरवर कोणकोण बसलंय हे मोजावं लागेल, आणि मला हवंय ते तेवढंच आहे. जुन्या गाड्यांचा व्यवहार करणारे दोघे सभागृहात आहेत. हे व्यवहारात कुठे अडेल ते त्यांनी आता उठून सांगावं, बाकीचे प्रश्न त्यानंतर घेऊ.